लहान मुलांची हॉर्मोन ओपीडी, पुणे: बार्शीहून चिठ्ठी घेऊन गेलेल्या मेडिकलवाल्याचा रिव्ह्यू

डॉक्टरांना पाचपैकी पाच. काउंटरला दीड. लॅबला दोन. याची सरासरी काढू नका, कारण ज्यांच्या पोराला सीएएच हा हॉर्मोनचा आजार आहे त्यांना सरासरीचा काही उपयोग नाही. डॉक्टर चांगले असतील तर बाकीचं सोसायचं, एवढंच.

हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. खाली चार कडू गोष्टी येणार आहेत आणि त्याच ओपीडीत मला पोराला अजून पंधरा वर्षं न्यायचंय. पुण्यातलं एक ट्रस्टचं हॉस्पिटल, एवढं पुरे. लहान मुलांच्या एंडोक्रायनॉलॉजीची ओपीडी असलेली हॉस्पिटलं पुण्या-मुंबईत आहेत, पण फार नाहीत. हे वाचून तुम्ही दुसरीकडे गेलात तरी काय विचारायचं, काय बरोबर न्यायचं, ते कामाला येईल.

मी बार्शीत मेडिकल चालवतो. त्यामुळे हा रिव्ह्यू थोडा दुकानदाराच्या नजरेचा आहे, आधीच सांगतो.

आजार सीएएच. पूर्ण नाव कंजेनायटल ॲड्रिनल हायपरप्लेझिया. मूत्रपिंडांच्या डोक्यावर ॲड्रिनल ग्रंथी असतात. त्यांत कॉर्टिसॉल आणि अल्डोस्टेरॉन बनवायला जी एन्झाइम्स लागतात त्यातलं एक कमी पडतं. शंभरातल्या नव्वदांहून जास्त केसेसमध्ये हे एन्झाइम म्हणजे 21-हायड्रॉक्सिलेज. मग बऱ्याच केसेसमध्ये शरीर मीठ धरून ठेवू शकत नाही, ते लघवीवाटे जात राहतं, आणि न वापरलेला कच्चा माल पुरुषी हॉर्मोनांच्या बाजूला वळतो. मुलगी असेल तर बऱ्याचदा जन्मतःच लघवीची जागा वेगळी दिसते आणि डॉक्टर सावध होतात. मुलगा दिसायला अगदी धडधाकट. तो घरी जातो, बारसं ठरतं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात उलट्या सुरू होतात. आमचं असंच झालं.

सुरुवातीला एका ठिकाणी सांगितलं, दूध पचत नाही, पावडर बदला. पावडर माझ्याच दुकानातली, बदलली. वजन जन्माच्या वजनाच्याही खाली गेलं. मग आमच्या गल्लीच्या टोकाला जे बालरोगतज्ज्ञ बसतात त्यांच्याकडे नेलं. त्यांनी पोराच्या पोटाची चिमूट धरून कातडी सोडली, ती तशीच उभी राहिली. सोडियम-पोटॅशियम लावलं. सोडियम 116, पोटॅशियम 7 च्या वर. कागद माझ्यासमोर धरून म्हणाले, "मेडिकलवाले, हे साधं जुलाब-उलटीचं प्रकरण नाही. उलट्यांनी पोटॅशियम उतरतं, याचं चढलंय."

पुढच्या तासाभरात त्यांनी जे केलं ते मी या रिव्ह्यूत मुद्दाम घालतो आहे, कारण पुण्याच्या ओपीडीची निम्मी कमाई तिथं झाली. आधी 17-ओएचपीसाठी, म्हणजे हा आजार पकडणाऱ्या हॉर्मोनच्या चाचणीसाठी, रक्त काढून नळीवर नाव-वेळ लिहून फ्रिजात ठेवलं, कारण स्टेरॉईड दिल्यावर काढलेल्या रक्ताचा आकडा फसवा येतो. मग सलाईन, मग हायड्रोकॉर्टिसोनचं, म्हणजे कॉर्टिसॉलची जागा भरणाऱ्या स्टेरॉईडचं, इंजेक्शन, 25 मिलीग्रॅम. रिपोर्टची वाट पाहिली नाही. म्हणाले, आजार नसला तर एका इंजेक्शननं काही बिघडत नाही, असला तर वाट बघण्यात पोरगं जाईल. मग पुण्याला या ओपीडीच्या डॉक्टर मॅडमना फोन. मग चिठ्ठी. मग 108.

मी रोज चिठ्ठ्या वाचतो. डॉक्टरांचं अक्षर वाचण्यावर माझं पोट आहे. "पुढील उपचारासाठी रेफर" एवढंच लिहिलेल्या चिठ्ठ्या ढिगानं पाहिल्यात. पेशंटनं त्या घेऊन दीडशे-दोनशे किलोमीटर जायचं आणि तिथल्या डॉक्टरांनी पहिल्यापासून सुरू करायचं. ही चिठ्ठी तशी नव्हती. जन्माचं वजन, आजचं वजन, सोडियम-पोटॅशियम-साखर आणि ती कोणत्या वेळेची, कोणतं सलाईन किती गेलं, स्टेरॉईड किती वाजता दिलं, 17-ओएचपीची नळी बरोबर पाठवली आहे, आणि शेवटी अधोरेखित करून: "संशय: सीएएच, मीठ गमावणारा प्रकार. पुढचा हायड्रोकॉर्टिसोनचा डोस रात्री अमुक वाजता, चुकवू नये." पुण्यात रात्री कॅज्युअल्टीतल्या ज्युनियर डॉक्टरनं ती एकदा वाचली आणि आम्हाला प्रश्न न विचारता आधी डोस लावला.

आता पुण्याबद्दल.

ओपीडी आठवड्यातून दोनच दिवस. केसपेपर काढायची रांग सकाळी आठला उघडते, पण टोकन आधीच संपल्यासारखं वागतात. आम्ही बार्शीहून रात्रीची एसटी पकडतो, कुर्डुवाडी-टेंभुर्णी-इंदापूर करत पहाटे स्वारगेटला उतरतो, आणि तरी आमचा नंबर हडपसरवाल्यांच्या मागे लागतो. बाहेरगावच्या फॉलोअपना वेगळी खिडकी हवी, हे काउंटरवर सांगून पाहिलं. उत्तर मिळालं, "सगळे बाहेरगावचेच असतात, काका." मी चाळिशीचा नाही अजून.

त्याहून वाईट म्हणजे काउंटरवरून आजाराचं नाव घेऊन हाक मारतात. माझा मुलगा आहे, मला फारसा फरक पडत नाही. पण ज्या आईच्या मांडीवर मुलगी आहे आणि जिला सासरच्या लोकांनी अजून "मुलगी की मुलगा" विचारणं थांबवलेलं नाही, तिच्या कपाळावरची आठी मी शेजारी बसून पाहिलीय. नंबरानं बोलवायला काय जातं? ही तक्रार मी लेखी दिली आहे.

लॅब. 17-ओएचपी सकाळी लवकर, सकाळच्या गोळीच्या आधी द्यायचं असं मॅडम लिहून देतात. लॅबचं कलेक्शन सुरू होईपर्यंत नऊ-साडेनऊ होतात, त्यात पावती वेगळ्या खिडकीवर. तोवर पोराची गोळी थांबवून ठेवायची का? पहिल्यांदा आम्ही ताटकळलो. नंतर मॅडमनीच मार्ग काढला: रक्त बार्शीतच सकाळी सहाला काढायचं, आमच्याकडची एक कलेक्शनवाली लॅब ते पाठवते, रिपोर्ट ओपीडीच्या आधी हातात. पैसेही थोडे वाचतात. हाडाच्या वयाचा एक्स-रे, म्हणजे डाव्या हाताच्या पंजा-मनगटाचा, तो मात्र पुण्यातच काढतो, कारण वाचणारे डोळे तिथं आहेत. पोराचं खरं वय एक आणि हाडांचं वय पुढं पळालेलं, असं झालं की उंची लवकर थांबते. म्हणून हा एक्स-रे.

मॅडमच्या खोलीत मात्र वेगळंच जग आहे. आत गेल्यावर पहिल्यांदा वजन-उंची, आणि ती सिस्टर नाही, त्या स्वतः मोजतात. तक्त्यावर ठिपका काढतात आणि मागच्या ठिपक्याला रेघेनं जोडून आम्हाला दाखवतात. ब्लडप्रेशर लहान कफनं, दरवेळी, कारण मीठ धरणारी गोळी, फ्लुड्रोकॉर्टिसोन, जास्त झाली तर बीपी चढतं. आकडे घाईत बघून डोस वाढवत नाहीत. "17-ओएचपी अगदी नॉर्मल करायला गेलो तर स्टेरॉईड जास्त होतं, उंची खुंटते. आपल्याला पोर वाढवायचंय, रिपोर्ट नाही," हे त्यांचं वाक्य आमच्या घरात आता सगळ्यांना पाठ आहे.

पहिल्या दिवशी त्यांनी कागदावर चार गोल काढले. आई, बाप, आणि दोघांकडचं एकेक बिघडलेलं जनुक. दोघांकडून बिघडलेलंच आलं तर आजार, प्रत्येक खेपेला चारात एक शक्यता. माझी बायको माझ्या मामाची मुलगी. आमच्याकडे हे इतकं सरसकट आहे की कुणी विचारतही नाही. माझ्या आईनं तोपर्यंत घरभर सांगून झालं होतं की हे सुनेच्या माहेरचं दुखणं. तिच्या माहेरचं म्हणजे आईच्याच माहेरचं, पण ते कुणाच्या लक्षात येईना. मॅडमनी आईला खुर्ची ओढून जवळ बसवलं. "आजी, एक तुमच्या मुलाकडून आलं, एक सुनेकडून. दोघांनाही माहीत नव्हतं, दोघांनाही काही त्रास नाही. यात दोष कुणाचा काढणार?" आई काही बोलली नाही, पण एसटीत बसल्यावर सुनेला म्हणाली, "पोराला माझ्याकडं दे, तू जरा झोप." त्या मुलाखतीचे वेगळे पैसे घेतले असते तरी मी दिले असते.

पुढच्या बाळंतपणाच्या आधी जनुकाची तपासणी करून घ्या, हेही त्यांनीच सांगितलं. घाई न करता, पण स्पष्ट.

गोळ्यांबद्दल दुकानदार म्हणून थोडं. तान्ह्या बाळाला हायड्रोकॉर्टिसोनचा डोस इतका कमी असतो की 5 मिलीग्रॅमच्या गोळीचा पाव भाग, दिवसातून तीनदा. युरोपात 2018 पासून लहान मुलांसाठी अर्ध्या मिलीग्रॅमपासूनचे दाणे कॅप्सूलमध्ये मिळतात. आमच्याकडे ब्लेड आणि नशीब. मी मॅडमना म्हटलं, दुकानात सिरप करून देतो, पोराला सोपं. त्या म्हणाल्या, औषध तळाला बसतं, वरच्या चमच्यात कमी आणि खालच्यात जास्त जातं; त्यापेक्षा पाव गोळी प्रत्येक वेळी ताजी कुटून थोड्या पाण्यात द्या. पहिल्या वर्षी दुधातून मीठही द्यायचं होतं, दिवसाला ग्रॅमच्या हिशेबात, विभागून. घरच्या चमच्यानं ते जमत नाही. शेजारच्या सोनाराच्या काट्यावर मिठाच्या पुड्या बांधल्या. तो म्हणायचा, आयुष्यात मीठ तोललं नव्हतं, तेही झालं.

फ्लुड्रोकॉर्टिसोन सोलापूरचे स्टॉकिस्टही कायम ठेवत नाहीत. खप नाही म्हणतात, आणि खरंही आहे. मी स्वतः मेडिकलवाला असून दोनदा पुण्याहून मागवावी लागली. तुम्ही मेडिकलवाले नसाल तर स्ट्रिप उघडल्यादिवशीच पुढची मागवा. ओपीडीच्या खालच्या हॉस्पिटल-मेडिकलमध्ये ती असते, यासाठी त्यांना पूर्ण गुण. एमआरपीवर काही सोडत नाहीत, यासाठी शून्य.

पण सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे परतीची चिठ्ठी. चार डिस्चार्ज कार्डं माझ्या घरी आहेत, निरनिराळ्या नातेवाइकांची, निरनिराळ्या हॉस्पिटलांची. सगळ्यांत खाली लिहिलेलं: फॉलोअप अमुक तारखेला. या ओपीडीतून निघताना आमच्या हातात दोन पानं होती, मराठीत. एक आमच्यासाठी, एक आमच्या बार्शीच्या डॉक्टरांसाठी. ताप आला तर हायड्रोकॉर्टिसोन दुप्पट, जास्त ताप तर तिप्पट, बरं होईपर्यंत. गोळी उलटून पडली तर पुन्हा द्या, ती पण पडली तर इंजेक्शन: तीन वर्षांच्या आत 25 मिलीग्रॅम, तीन ते बारा 50, त्यापुढं 100. ऑपरेशन असो की दातांचं मोठं काम, भूल देणाऱ्याला आधी हे पान दाखवा. आणि खाली ठळक अक्षरात: "आधी इंजेक्शन, मग फोन, मग प्रवास."

इंजेक्शन द्यायला सिस्टरनी शिकवलं. कुपीत पाणी घालून हलवायचं, सुईनं ओढायचं, मांडीच्या बाहेरच्या भागात. बायको दोनदा स्पंजवर टोचून तयार झाली. माझा हात थरथरला, हे ती सगळ्यांना सांगते. आईनं सुई हातात घ्यायला नकार दिला, पण कोणत्या डब्यात काय आहे ते तिला माझ्यापेक्षा नीट माहीत आहे.

या पानांची परीक्षा मागच्या पावसाळ्यात झाली. पोराला जुलाब-उलट्या लागल्या, मी दुकानाच्या कामानं सोलापूरला. बायकोनं घरी इंजेक्शन दिलं आणि गल्लीच्या टोकाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पुण्याचं पान भिंतीवर चिकटवून ठेवलंय, त्यावर बघून सलाईन लावलं, पुण्याला फोन केला, मॅडमनी उचलला. पुण्याला जावंच लागलं नाही. तज्ज्ञाकडे रेफर होण्याचा मला कळलेला अर्थ हा: दरवेळी पुणे गाठणं नाही, तर पुण्याचं डोकं बार्शीत वापरता येणं. ज्या ओपीडीतून स्थानिक डॉक्टरसाठी कागद मिळत नाही, ती कितीही मोठी असो, मी तिला अर्धीच ओपीडी म्हणेन.

उलटं उदाहरणही पाहिलंय. शेजारच्या तालुक्यातला एक बाप माझ्या दुकानात यायचा. त्याच्या मुलीलाही हाच आजार. गावातल्या कुणा डॉक्टरनं सांगितलं, एवढ्या लहान पोरीला रोज स्टेरॉईड? हाडं ठिसूळ होतील, बंद करा. ह्या गोळ्या बाहेरून जास्तीचं काही देत नाहीत. शरीरात जे बनत नाही तेवढंच भरून देतात, हे त्याला मी सांगितलं, पण मेडिकलवाल्याचं कोण ऐकतो. मॅडमची वेळ मिळवून दिली. आता तो माझ्याच एसटीत असतो.

मुलींच्या तपासणीबद्दल त्या बापानं सांगितलेलं लिहितो. खोलीत तपासताना मॅडमनी शिकाऊ डॉक्टरांना बाहेर पाठवलं, आईची परवानगी घेतली, एकदाच पाहिलं, पडदा ओढून. क्रोमोसोमची तपासणी आणि सोनोग्राफीत गर्भाशय दिसल्यावर "ही मुलगी आहे, हिला पुढं पाळीही येऊ शकते, मूलही होऊ शकतं," असं नीट बसवून सांगितलं. लघवीच्या जागेच्या ऑपरेशनचा विषय निघाला तेव्हा घाई केली नाही. तमिळनाडूत 2019 पासून असल्या तान्ह्या बाळांवरच्या ऑपरेशनना बंदी आहे, जीव धोक्यात असेल तरच परवानगी, हेही त्यांना सांगितलं. निर्णय आईबापानं नीट विचार करून घ्यावा आणि मुलीला कळायला लागल्यावर तिचंही मत असावं, असं मॅडमचं म्हणणं.

आता ज्याचा राग येतो ते. माझ्या पोराचा आजार टाचेतल्या रक्ताच्या चार थेंबांत, उलट्या सुरू व्हायच्या आधीच पकडता आला असता. आयसीएमआरनं देशातल्या पाच ठिकाणी एक लाखाहून जास्त नवजात बाळं तपासली, तेव्हा 5,762 बाळांमागे एक सीएएच सापडलं. केरळमध्ये सरकारी दवाखान्यांत जन्मणाऱ्या बाळांची ही चाचणी होते. आमच्याकडे कॅन्सरवर इलाज करायला चार जिल्ह्यांतून लोक बार्शीला येतात, आणि बार्शीत जन्मलेल्या बाळाची टाच कुणी टोचत नाही. प्रसूतीच्या खोलीबाहेर उभे असाल तर नवजात तपासणीबद्दल स्वतःहून विचारा. खाजगी लॅबमध्ये होते. रक्त जन्मानंतर दोन दिवस झाल्यावर काढतात. वेळेआधी जन्मलेल्या बाळात आकडा खोटाच वाढलेला येऊ शकतो, तेव्हा घाबरायच्या आधी पुन्हा तपासा.

ओपीडीत अजून एक उणीव आहे. 18 नंतर काय, याचं उत्तर तिथं नीट मिळत नाही. हा आजार जन्मभराचा. मुलांच्या वृषणात पुढं गाठी होऊ शकतात, त्याची सोनोग्राफी लागते; मुलींना पाळीचे, गरोदरपणाचे प्रश्न. मोठ्यांच्या एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे कुणी, कधी, कोणती चिठ्ठी देऊन पाठवणार, हे मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, "मी सांगेन ना तेव्हा." मॅडमवर विश्वास आहे. पण मॅडमची बदली झाली, त्या निवृत्त झाल्या तर? एका माणसाच्या चांगुलपणावर चाललेली गोष्ट मला दुकानदार म्हणून धोक्याची वाटते. दुसरा डॉक्टर तयार करा, हेही मी तक्रारीत लिहिलंय.

नव्या औषधाची चौकशी करणारे बरेच असतात, म्हणून. क्रिनेसरफॉन्ट नावाच्या कॅप्सूलला अमेरिकेत डिसेंबर 2024 मध्ये 4 वर्षांवरच्या मुलांसाठी आणि मोठ्यांसाठी परवानगी मिळाली. ते स्टेरॉईड बंद करत नाही, स्टेरॉईडच्या जोडीला घेऊन त्याचा डोस कमी करायला मदत करतं. व्हॉट्सॲपवर "गोळ्या कायमच्या बंद" असं फिरतंय, ते खोटं आहे.

जाणाऱ्यांसाठी: आधी फोन करून ओपीडीचा वार पक्का करा, सुट्टीला लागून असेल तर हमखास रद्द असते आणि कुणी कळवत नाही. सगळे जुने रिपोर्ट तारखेनं लावून न्या. औषधाचा डबा बरोबर, एसटीच्या वरच्या कप्प्यात नाही, मांडीवर. पोराचा दुपारचा डोस रांगेतच येतो, पाणी आणि वाटी ठेवा. कँटीनचा उपमा खाऊ नका, पोहे बरे आहेत.

काउंटरबद्दलची लेखी तक्रार देऊन तीन ओपीड्या झाल्या. अजून आजाराच्या नावानंच हाका मारतात. बदललं तर रिव्ह्यू दुरुस्त करीन.